भिंतीची शोभा

आम्ही दोघं आठवडाभर लेकीकडे काय गेलो, आमच्या चिरंजीवांनी हॉलच नव्याने सजवून टाकला. ह्यांनी कॉलेजपासून पोटाला चिमटा काढून जमवलेल्या रॉक अल्बमची कव्हरं काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर लटकत होती आणि चिरंजीवांचे मित्र त्यांच्यापुढे उभे राहून सेल्फी काढत होते.

"आणि आतल्या तबकड्या?" ह्यांनी विचारलं.

"त्या फ्रेममध्ये मावेनात, बाबा. भंगारवाल्याला देऊन टाकल्या. आता सगळं फोनवर ऐकायला मिळतं की!"

हे रेकॉर्ड प्लेअरचं झाकण फडक्याने पुसत बसले. पुसलेलंच पुन्हा पुसत होते. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना चिरंजीवांनी लॅपटॉपची बॅग उचलली आणि दारातच थबकले.

"आई, ही इतकी हलकी कशी लागतेय?"



"बॅग चामड्याची आहे, भिंतीवर शोभेल. आतलं मी त्याच भंगारवाल्याला दिलं. फ्रेममध्ये मावत नव्हतं."