पदरचा 'अ'

पक्षाघाताने बाबांची वाचा गेली होती. ते पुन्हा बोलतील का, असं लेकीने विचारलं, तेव्हा वॉर्डाच्या दाराशी डॉक्टर हळूच म्हणाले, "देअर इज लिटल होप."

ती आत येऊन आईला म्हणाली, "थोडी आशा आहे म्हणतात."

आईची सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली होती. तिने विचारलं, "लिटल म्हणाले, की अ लिटल?"

फरक लेकीला पाठ होता. नुसतं लिटल म्हणजे जवळजवळ नाहीच. अ लिटल म्हणजे थोडी का होईना, आहे.

"अ लिटल," ती नजर चुकवत म्हणाली.

"दार उघडंच होतं गं. मी ऐकलं," आई म्हणाली. "तो 'अ' तू पदरचा घातलास."

लेकीचा चेहरा उतरला. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"घातलास ते बरं केलंस. आता तो खरा करायचं माझ्याकडे लागलं."

मग तिने बाह्या सरसावल्या आणि नवऱ्याच्या उशाशी खुर्ची ओढली. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"अहो, माझ्या ओठांकडे बघा," ती म्हणाली. "आणि म्हणा, अ."