साधी काच

धाकटीच्या चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून डॉक्टरांनी तिला रात्री घालून झोपायच्या लेन्स दिल्या, तेव्हापासून आईची मांडी तिचीच झाली. जेवणं उरकली की आई हात धुऊन बसायची, तिचं डोकं मांडीवर घ्यायची, लेन्स बसवून हळूच विचारायची, "खुपतंय का गं?" ती ऐटीत म्हणायची, "नाही." खुपायचं मला. शेवटी मीही फळ्यावरचं दिसत नाही म्हणून रडले. दवाखान्यात तक्त्यावरची मोठाली अक्षरंसुद्धा चुकीची वाचली. डॉक्टरांनी डोळ्यांपुढे काच धरली. काच लावल्यावर दिसायला हवं, म्हणून मी शेवटची ओळ घडाघडा वाचली. "साधी काच आहे," ते आईला म्हणाले. रात्री आईने आधी मला मांडीवर ओढलं, विचारलं, "खुपतंय का गं?" लेन्सची डबी घेऊन ताटकळलेल्या धाकटीकडे बघत मी म्हटलं, "आता नाही."