मोरीतल्या मुंग्या

अबोलीचा गजरा माळून विजयमाला वेशीबाहेर पडली, तसा लालासाहेबही वहाणा सरकवून तिच्या मागं निघाला. पदराखाली तिनं बाटली लपवली होती. लपवली तरी बूच तेवढं बाहेर डोकावत होतं.

पलटणीतून पेन्शन घेऊन तो घरी आला, त्याला वर्ष झालं. बांगलादेशची लढाई जिंकून आलेला हा गडी बायकोच्या अंथरुणात मात्र दर वेळी हरत होता. मन धावायचं, अंग साथ देत नव्हतं. आधी त्याला स्वतःची लाज वाटली. मग त्या लाजेचा संशय झाला. आपल्याकडून काही होत नाही, तर ही तरणीताठी बाई गप्प कशी? हिचं दुसरीकडं कुठंतरी असणारच! या विचारानं तो रात्रंदिवस जळत होता.

मागल्या बाजारी ती कडेगावात नव्या डॉक्टरच्या दवाखान्यात शिरली होती. शेजारच्या अंबूबाईनं हे तिखटमीठ लावून सांगितलं होतं. डॉक्टर सांगलीचा, देखणा, फटफटीवरून फिरणारा. आज सकाळी तर कहरच झाला.

"मोरीत लय मुंग्या झाल्यात. आज मोरीत जाऊ नका, डब्यात करा, मी वतून टाकते," विजयमाला म्हणाली.

मोरीत कशाच्या मुंग्या? तिथं काय गूळ सांडला होता? मोरीमागच्या बोळात कुणीतरी उभं असणार, म्हणून ही आपल्याला तिकडं जाऊ देत नाही, असं त्यानं ताडलं.

वाटेत ती वळून वळून मागं बघत होती. चोराच्या मनात चांदणं! तो उसाच्या आडोशानं चालत राहिला. घसा सारखा कोरडा पडत होता. दिसेल तिथं पाटाचं पाणी पीत त्यानं कडेगाव गाठलं.

दवाखान्याचं दार त्यानं लाथेनंच उघडलं. विजयमाला बाकावर बसली होती. डॉक्टर स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी तापवत होता. बाटली टेबलावर होती.

"काय आणलंस ह्याला? मध?" लालासाहेब बायकोवर ओरडला.

"तुमचीच लघवी आहे," डॉक्टर म्हणाला. नळीतलं निळं औषध बघता बघता विटकरी झालं. "बसा. मुंग्या उगीच येत नाहीत. लघवीतून साखर जातेय. तहान फार लागते ना? आणि सकाळी जाग येतानासुद्धा ताठरपणा नसतो?"

"नसतो," लालासाहेब पुटपुटला. हे तो जन्मात पहिल्यांदाच कुणापुढं बोलला.

"मग हा मनाचा खेळ दिसत नाही, आणि करणी तर नाहीच. मधुमेह आहे. रक्त तपासू, पथ्य आणि गोळ्या सुरू करू. फरक पडू शकतो. पण माणूस समोर आल्याशिवाय मी औषध कसं देणार? वहिनींना मागल्या बाजारीच सांगितलं होतं, तुम्हाला घेऊन या म्हणून."

 लालासाहेब बाकावर तिच्याशेजारी टेकला.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगून आला असतासा व्हय?" विजयमालानं गजरा सारखा केला. "म्हणून तर वळून वळून बघत हुते, मागं येतासा का न्हाई ते."