टिचकी

"चाचा, हाच घ्या. नाव मोठं आहे याचं." विक्रेत्याने होम थिएटरच्या तीन संचांपैकी सगळ्यांत महागड्या संचावर गाणं लावलं.

दस्तगीरचाचांनी नावाकडे पाहिलंही नाही. मिरजेत पन्नास वर्षं सतारी घडवताना भोपळा पारखायचे, तशी त्यांनी तिन्ही कंपन्यांच्या स्पीकरवर टिचकी मारली. मग एकेक वाजवायला लावून तळहात टेकवला.

"सतारीचं अंग थरथरायला हवं, स्पीकरचं नको. महागडा नुसता थरथरतोय. हा मधला भरीव आहे, किंमतही रास्त."

विक्रेता मधल्याचं बिल करायला गेला. लेकीला, रेहानाला, हसू आवरेना. तिच्याच नव्या घरासाठी खरेदी चालली होती.

"अब्बा, कान अजून तयार आहेत तुमचे," ती मागून म्हणाली.

चाचा वळले नाहीत. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. त्यांचा तळहात स्पीकरवरच होता. गाणं संपलं, तसा तो अलगद उचलला गेला.

रेहानाचं हसू मावळलं. ती वळसा घालून त्यांच्या समोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "अब्बा, हाच घेऊ ना?"

तिच्या ओठांवरची नजर न हलवता चाचा ठामपणे म्हणाले, "डोळे झाकून घे."