आईची खोली

नांगोबी गुडघ्याच्या उपचारासाठी कामुलीहून कंपालाला लेकाकडे आली होती. गुडघा बरा झाला, तरी इसाबिर्ये आईला काही सोडेना. उलट एके दिवशी त्याने तिची खोलीच नव्याने लावली. बेताच्या उंचीचा पलंग, त्याखाली कपड्यांचे खण आणि बसल्याजागी हात पोचेल असं कपाट.

"आई, आता वाकायला नको की चढायला नको. आवडलं ना?"

"छान केलंस रे बाबा," कपाटाच्या दारावरून हात फिरवत ती म्हणाली. "पण शनिवारी मला कामुलीच्या बसमध्ये बसवून दे. परसातली केळी पिकून वाया जातील. घरही कधीचं बंद आहे."

इसाबिर्ये कौतुकाने हसला.

"आता कुठलं घर, आई? त्याच्याच दारांचं नि तुळयांचं तर हे सगळं करून घेतलंय!"