दहावी केस

"आज पण भोपळाच का, वकीलसाहेब?" पलीकडच्या टेबलावरून स्टँपवेंडर बबनरावांनी विचारलं. शितलनं टेबलावरचे कोरे कागद आवरायला घेतले.

शिरूरच्या तहसील कचेरीबाहेर गेलं वर्षभर दर शनिवारी तिचं टेबल लागायचं. वर कापडी फलक : आंतरराष्ट्रीय विधी विद्यार्थी संघ, मोफत कायदा सल्ला. नाव एवढं भारदस्त, की सुरुवातीला लोक लांबूनच हात जोडून जात. प्रत्यक्षात संघाचा सगळा कारभार पोराटोरांचा. अध्यक्ष बेल्जियमची, खजिनदार पोलंडचा, आणि दोघांच्या परीक्षा चालू असल्या की ईमेलला उत्तर म्हणून येत नसे.

पण याच पोरांनी शितलला नेदरलँड्समधल्या हेगच्या तीन आठवड्यांच्या कायद्याच्या वर्गासाठी निवडलं होतं. विमानासकट सगळं त्यांच्याकडे. अट एकच. शिरूरच्या नव्या शाखेनं वर्षात दहा प्रकरणं तडीस न्यायची. शितलची नऊ झाली होती आणि मुदत पुढच्या शनिवारी पाच वाजता संपत होती.

हेगहून आली की पुण्यातल्या एक नामांकित वकीलबाई तिला चेंबरमध्ये घेणार होत्या. नाही गेली, तर त्यांच्या दारात चाळीस जणांची रांग होती, आणि कारेगावच्या पोरीसाठी त्यात जागा कोण राखून ठेवतो? मग आईसारखं रोज कंपनीचं गेट होतंच.

आईनं, साधनाबाईनं, कंपनीच्या कँटीनमध्ये रोज ढिगानं चपात्या लाटून तिला इथवर आणलं होतं. नवऱ्यानं दुसरं घर केल्यापासून मायलेकी भाड्याच्या खोलीत राहत. भांडगावच्या माहेरचं नाव आई फारसं काढत नसे. काढलंच तर एवढंच म्हणे, "हात थकलं की तिकडं जाईन. खोली बांधीन, दारात शेवंती लावीन."

रविवारी जेवताना शितलला रडूच फुटलं.

"कशाची केस लागती ती?" आईनं विचारलं. "मारामारीची?"

"कसलीही चालते गं. नुसता कागद करून दिला आणि तो रजिस्टर झाला, तरी मोजतात."

"मग माझीच लिव की कायतरी."

"घरच्यांची चालत नाही."

"त्यास्नी तिकडं काय कळतंय?"

"मला कळतं ना, आई."

आईनं तिच्या ताटात आमटी वाढली आणि विषय सोडला. सोमवारी तिनं कामावर खाडा केला. डोकं दुखतंय म्हणाली.

मंगळवारी शितलनं कॉलेज बुडवून टेबल मांडलं. लाज कोळून पिऊन ती येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत राहिली. एकानं तिला विमा विकणारी समजून रस्ताच बदलला. दुपारी मात्र धोतर नेसलेला एक म्हातारा आपणहून पुढ्यात येऊन उभा राहिला. नाव हौसराव. दौंड तालुक्यातल्या कुणा बागायतदाराकडे कामाला होता.

"हक्कसोडीचा कागद करायचाय," तो म्हणाला. "मालकाची बहीण जमिनीतला वाटा सोडतीय."

शितलनं पेन खाली ठेवलं. लेकींना वाटा देणारा चौऱ्याण्णव सालचा कायदा होऊन आठ वर्षं झाली होती, आणि माहेर तुटायला नको म्हणून बहिणी अजून सह्या करतच होत्या. यावरच तर तिनं कॉलेजात तावातावानं भाषण ठोकून पहिलं बक्षीस मिळवलं होतं.

"बहीण राजी आहे?"

"हाय की."

"आणि एवढ्या लांब का आलात? दौंडला वकिलांचा दुष्काळ पडलाय?"

"मला काय ठावं, ताई. हितं जा म्हणले, आलो."

नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. मग ती चाळीस जणांची रांग आठवली. आपण नाही केला तर दुसरं कुणी करील, अशी मनाची समजूत घालून तिनं कागद पुढे ओढला. संघाच्या नियमानं कागदातली नावं विचारायची नव्हती. मसुद्यात जागा कोरी सोडायची, ती पक्षकारांनी नंतर भरायची. तिला ते बरंच वाटलं. नाव कळलं असतं तर तिचा हात चालला नसता.

"उद्या त्या बाईचं लेकरू भांडाय आलं तर?" हौसरावानं विचारलं. "मालकाला त्याचंच भ्या हाय."

शितलनं कलम घातलं : मी अगर माझे वारस यांस सदर जमिनीवर यापुढे कधीही कसलाही हक्क सांगता येणार नाही. दोनदा वाचून पाहिलं. कुठं फट राहिली नव्हती. रजिस्टर झाला की नक्कल शनिवारी आणून द्या, असं तिनं त्याला चारचारदा बजावलं.

शनिवारी साडेचार वाजले तरी हौसरावाचा पत्ता नव्हता. शितलचे नवस बोलून झाले, नखं खाऊन झाली. पावणेपाचला तो धापा टाकत आला.

"गाडी चुकली, ताई. काल दौंडला रजिस्टर झाला बघा."

शितलनं त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. समोरच्या एसटीडी बूथवर फॅक्स होता. पंधरा मिनिटं हातात होती.

"लई वरसं अडून बसल्याली बहीण," हौसराव पाणी पिऊन सांगू लागला. "भावानं हात जोडलं, बोलणं टाकलं, तरी सही देईना. आन् ह्या सोमवारी आपणहून दारात हजर. म्हणली, सही करते, पर कागद शिरूरला टेबल टाकून बसती त्या पोरीकडनंच करून आणा. दुसऱ्या कुणाचा केला तर सही न्हाई."

शितलचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. कागद परदेशी पाठवण्याआधी नावांवर काळी शाई फिरवायची, असा संघाचा नियम होता. तिनं मार्करचं टोपण काढलं, पहिलं पान उलगडलं आणि 'लिहून देणार' या शब्दांपुढे बोट ठेवलं.

साधना हरिभाऊ टिळेकर, वय चव्वेचाळीस, धंदा मजुरी, राहणार कारेगाव.