टाकीतले ठोके

कलीमने चिकटवायची छापील फिल्म टँकरला नुसती धरून पाहिली आणि नाराज झाला. लातूरच्या एका क्लासची जाहिरात होती, निकालात वर आलेल्यांचे मोठमोठे चेहरे. त्यातल्या एका मुलीचा गाल नेमका पत्र्याच्या पोच्यावर येत होता. हीट गनने तापवून फिल्म पोच्यात बसवता आली असती, पण मग गालही आत बसला असता. क्लासच्या सरांना खळी चालली असती, खड्डा चालणार नव्हता.

"आतून ठोकून काढावं लागल, मामा," तो ज्ञानोबाला म्हणाला. टँकर ज्ञानोबाचा, चालवायचाही तोच. डेंटिंगवाला अबुजर हातोडा घेऊन वरच्या तोंडातून रिकाम्या टाकीत उतरला. शिडी ज्ञानोबानेच धरली. मग तो चहाला निघाला.

रस्त्यापर्यंत पोचला असेल नसेल, आतून ठोके सुरू झाले. ज्ञानोबा उभ्या जागी थांबला आणि परत आला.

"कोन हाय आत?"

"अबुजर. तुमच्या समोरच उतरला न्हाई का?"

"हाव," ज्ञानोबा म्हणाला, पण गेला नाही. पत्र्यावर तळहात ठेवून उभा राहिला. कलीमने चहाची आठवण करून दिली, ती त्याला ऐकूच गेली नाही.

ठोके थांबले. आत घाम पुसायला थांबला असेल बिचारा. ज्ञानोबा मात्र दोन्ही हातांनी टाकी बडवायला लागला.

"वाजव. थांबू नको, वाजव."

"मामा, काय करून राहिलात?"

"पहार आनायला गेलो व्हतो मी," ज्ञानोबा म्हणाला. "भूकंपात. माझी बायको रत्नम्मा माळवदाखाली गाडली व्हती. आतून पातेलं वाजवून राहिली व्हती. म्हनलं, आलोच. पहार घेऊन आलो, तर गप."

भूकंप झाला तेव्हा कलीम जन्मलाही नव्हता. तेवढ्यात ठोके पुन्हा सुरू झाले, आठ-दहा पडले आणि संपले. पोचा निघाला होता.

ज्ञानोबा तोवर शिडी चढून वर पोचला होता. साठी उलटलेला माणूस टाकीवर पालथा पडला आणि त्याने दंडापर्यंत हात आत घातला. अबुजरला आतल्या पायऱ्यांवरून सहज वर येता आलं असतं, तरी त्याने हात दिला. ज्ञानोबाने त्याला बखोटीला धरून बाहेर ओढलं, उपरण्याने त्याच्या तोंडावरचा गंज पुसला आणि हात काही सोडला नाही.

"लई येळ लागला मला," तो म्हणाला.

ठोकून ठोकून अबुजरचे कान बधिर झाले होते. खालचं बोलणं त्याला काहीच कळलं नव्हतं.

"आलात न्हवं, मामा," तो म्हणाला.